आवडत्या नटाच्या भेटीला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी

परदेशी निघण्यापूर्वी प्रकृती तपासून घेण्यासाठी येणारे ज्येष्ठ नागरिक माझ्या दवाखान्यात आता नित्याचे झाले आहेत. मुलगा अमेरिकेत, मुलगी ऑस्ट्रेलियात. उन्हाळ्याच्या तोंडावर तिकिटे निघतात आणि मग सहा महिन्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे अर्ज, रक्तदाबाच्या नोंदी यांची लगबग सुरू होते. प्रश्नही ठरलेले असतात. विमानात पाय सुजतील का, तिथल्या थंडीत दम लागेल का, औषधे तिकडे मिळतील का. गेल्या वर्षी मात्र एका गृहस्थांनी निराळाच प्रश्न विचारला.

"डॉक्टर, दोन-तीन तास रांगेत उभं राहणं मला झेपेल का?"

हे गृहस्थ दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. वय ७४. मधुमेहाला सोळा वर्षे झालेली, रक्तदाबाची एक गोळी, प्रोस्टेटसाठी रात्रीची एक, उजवा गुडघा झिजलेला, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. मला वाटले, जाण्यापूर्वी तिरुपतीला जाऊन येण्याचा बेत असावा. तसे विचारल्यावर ते थोडे संकोचले आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. लास व्हेगास येथे ऑगस्ट महिन्यात भरणाऱ्या 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या संमेलनाचे ते प्रवेशपत्र होते. मुलाने पाठवलेले, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलेले. त्या मालिकेतील एका मूळ नटाला समोरासमोर भेटण्यासाठी, त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी त्यांना रांगेत उभे राहायचे होते.

"काका, या वयात हे कशाला?" मी म्हणून गेलो.

त्यांनी वाद घातला नाही. कागदाची पूर्वीच्याच घड्यांवर घडी केली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं, मग गोळ्या तेवढ्या लिहून द्या."

तीस वर्षांच्या व्यवसायात मी रुग्णांना अनेक गोष्टींना नकार दिला आहे. त्यांपैकी बहुतेक नकार योग्यच होते. हा नव्हता. त्यांची नाडी मी पाहिली, पायांची सूज दाबून पाहिली, साखरेचा आकडा पाहिला. पण तो कागद त्यांनी का आणला होता, हे विचारले नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नामुळे लिहितो आहे. आपल्या घरीही कुणा आजोबांच्या किंवा आजींच्या खिशात असाच एखादा कागद असू शकेल.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही इंग्रजी मालिका लागत असे. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ या काळात प्रथम प्रक्षेपित झाली. 'एंटरप्राइज' नावाचे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा स्पॉक, यंत्रांची देखभाल करणारा स्कॉटी, संदेशवहन सांभाळणारी उहुरा, सुकाणूवर बसलेले सुलू आणि चेकॉव्ह, आणि सदैव कुरकुर करणारा पण रुग्णासाठी जिवाचे रान करणारा डॉक्टर मॅकॉय. संवादांतले निम्मे इंग्रजी आम्हाला कळत नसे. तरीही चाळीतल्या ज्या एका घरात दूरचित्रवाणी संच होता, तिथे आम्ही मुले सतरंजीवर दाटीवाटीने बसून तो तास काढत असू. मॅकॉयच्या दवाखान्यात रुग्ण खाटेवर निजला की डोक्याजवळच्या फलकावर त्याची नाडी आणि श्वास आपोआप दिसू लागत. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. आज रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतो तेव्हा क्वचित तो फलक आठवतो.

ही भूमिका करणारे डीफॉरेस्ट केली १९९९ साली निवर्तले. मॅकॉयला पाहून आपण वैद्यकीय शिक्षणाकडे वळलो, असे सांगणारे चाहते त्यांना भेटत आणि त्याचे त्यांना फार अप्रूप वाटे. मीही त्या असंख्यांपैकी एक. त्या दिवशी दवाखाना बंद करून घरी जाताना हे मनात आले आणि वाटले, केली आज हयात असते, समोरच्या गावी आलेले असते, तर मी गुडघ्याचे कारण सांगून घरी बसलो असतो का?

दुसऱ्या दिवशी मी काकांना दूरध्वनी केला. म्हणालो, "तो कागद आणि गुडघा, दोन्ही घेऊन या. जमवू या."

एकतर्फी ओळख

अशा संमेलनांची परंपरा जुनी आहे. 'स्टार ट्रेक'चे पहिले मोठे संमेलन जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भरले. मालिका बंद होऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती. आयोजकांचा अंदाज काही शे माणसांचा होता. आली तीन हजारांहून अधिक. तेव्हापासून आजतागायत ही माणसे वर्षानुवर्षे भेटत आली आहेत. नट व्यासपीठावर गप्पा मारतात, प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. मग टेबलाशी बसून स्वाक्षऱ्या करतात आणि वेगळ्या दालनात चाहत्यांबरोबर छायाचित्रे काढून घेतात. स्वाक्षरीचे आणि छायाचित्राचे शुल्क स्वतंत्र असते आणि ते बरेच असते. भेट मात्र काही सेकंदांची. पुढे व्हा, उभे राहा, दिव्याचा लखलखाट, धन्यवाद, पुढचे.

एवढ्यासाठी माणसे समुद्र ओलांडून का जातात?

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक निबंध लिहिला. पडद्यावरचा माणूस जणू आपल्याशीच बोलतो आहे, आपण त्याला ओळखतो, असे प्रेक्षकाला वाटू लागते. त्या माणसाला मात्र आपला पत्ताही नसतो. या एकतर्फी जवळिकीला त्यांनी नाव दिले आणि तिचा अभ्यास सुरू झाला. ही विकृती नव्हे. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी संचाला हार घालणारी घरे आपण पाहिली आहेत. राम-सीतेची भूमिका करणाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवणारी साधी माणसे पाहिली आहेत. ती वेडी नव्हती. घरातल्या माणसांच्या साक्षीने दर आठवड्याला भेटणारा चेहरा हळूहळू घरचाच होतो.

माझ्या रुग्णाचेही तेच होते. पुढच्या खेपेला त्यांना मी निवांत बोलू दिले. रविवारी सकाळी काकू पोहे करत, सहा वर्षांचा मुलगा त्यांच्या मांडीवर बसे आणि ते त्याला इंग्रजी संवादांचा अर्थ मराठीत सांगत. "अर्धं मी मनानंच रचायचो, डॉक्टर. त्यालाही कळायचं नाही, मलाही नाही. ती मात्र आतून हसायची." काकू जाऊन चार वर्षे झाली होती. तो मुलगा आता सत्तेचाळीस वर्षांचा, नेवाडाच्या शेजारच्या राज्यात स्थायिक झालेला. प्रवेशपत्र त्याने काढले होते, पण नंतर तोच कचरू लागला होता. बाबांना गर्दीत काही झाले तर? सूनबाईंना हा सगळा पोरखेळ वाटत होता. थोडक्यात, तीन माणसे त्यांच्या काळजीपोटी 'नको' म्हणत होती आणि त्यांतला एक मी होतो.

या भेटींचे मोल किती असू शकते, याचा एक प्रसंग स्कॉटीची भूमिका करणाऱ्या जेम्स डूहान यांनी 'ट्रेकीज' या १९९७ सालच्या माहितीपटात सांगितला आहे. त्यांना एका तरुण चाहतीचे पत्र आले. ते जगाचा निरोप घेण्याच्या भाषेत लिहिलेले होते. डूहान यांनी तिला दूरध्वनी केला. मी अमुक गावी संमेलनाला येतो आहे, तू तिथे मला भेटायला ये, असे सांगितले. ती आली. मग त्यांनी पुढच्या संमेलनाला बोलावले, मग त्याच्या पुढच्या. दोन-एक वर्षे हा क्रम चालला. नंतर तिचा ठावठिकाणा राहिला नाही. बऱ्याच वर्षांनी पुन्हा पत्र आले. तिने इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली होती. डूहान तिच्याशी धीराचे, आशेचे बोलत राहिले आणि प्रत्येक वेळी पुढच्या भेटीची तारीख देत राहिले. निराश रुग्णाला पुढची तारीख देणे किती महत्त्वाचे असते, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. (आपल्या घरी कुणी निरवानिरवीची भाषा बोलू लागले असेल, मग ते तरुण असो वा वृद्ध, तर ती मनावर घ्या. 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो.)

तेही आपल्याबरोबरच म्हातारे झाले

या मालिकेच्या चाहत्यांचे एक वेगळेपण मला डॉक्टर म्हणून फार मोलाचे वाटते. पन्नास वर्षे भेटत राहिल्यामुळे त्यांनी आपल्या नायकांना म्हातारे होताना, आजारी पडताना डोळ्यांदेखत पाहिले आहे.

डूहान यांना अल्झायमर झाल्याचे २००४ साली जाहीर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉलिवूडला त्यांच्या निरोपाचे संमेलन भरले आणि ते व्हीलचेअरवर बसून आपल्या माणसांना भेटले. वर्षभरात ते गेले. उहुरा झालेल्या निशेल निकोल्स यांना २०१८ मध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, तरी डिसेंबर २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या संमेलनात त्या चाहत्यांचा निरोप घेण्यासाठी आल्या होत्या. पुढच्या जुलैत, ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्पॉक म्हणजे लेनर्ड निमॉय २०१५ साली फुप्फुसांच्या दीर्घकालीन अवरोधक आजाराने गेले. त्यांनी सिगारेट सोडून सुमारे तीस वर्षे झाली होती, तरी आजाराने गाठलेच. आजार जाहीर करताना त्यांनी चाहत्यांना सिगारेट सोडण्याची कळकळीची विनंती केली होती. माझ्या दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्याने जे साधत नाही, ते एका लाडक्या चेहऱ्याने काही जणांच्या बाबतीत नक्की साधले असेल. कप्तान कर्क झालेले विल्यम शॅटनर आणि निमॉय या दोघांनाही कानांत सतत आवाज येण्याचा त्रास जडला. चित्रीकरणाच्या वेळी जवळच झालेल्या स्फोटाला शॅटनर त्याचे कारण मानतात. पुढे त्यांनी या त्रासाविषयी उघडपणे बोलून अनेकांना धीर दिला. हेच शॅटनर २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, खरोखरीच अंतराळात काही मिनिटे जाऊन आले.

मूळ सात जणांपैकी हे लिहीत असताना तिघेच हयात आहेत आणि तिघांनीही पंचाऐंशी ओलांडली आहे. ७४ वर्षांच्या माणसाने अशा वेळी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणावे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

शरीराची तयारी

मनाचे ठरले, आता शरीराकडे. काकांच्या प्रवासाला चार महिने होते आणि ते आम्ही वाया घालवले नाहीत. यातला बराचसा भाग चारधाम यात्रेला, पंढरीच्या रांगेला किंवा नातवाबरोबर मुंबईच्या कॉमिक कॉनला निघालेल्या आजोबांनाही लागू पडेल.

आधी गुडघा. रांगेत उभे राहण्याचा सराव रांगेत उभे राहून होत नाही. मांडीचे स्नायू बळकट करून होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजायचे, हळू खाली आणायचा. हा साधा व्यायाम त्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू केला आणि चालणे आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवले. बूट नवे घ्यायचे असतील तर ते दोन महिने आधी, म्हणजे पायाला सरावतील. संमेलनाच्या दालनांत गालिचा असला तरी खाली बहुधा टणक फरशी असते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे चालणे आपल्या कल्पनेपेक्षा जास्त होते. मधुमेह्यांनी रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांनी पाहावे. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही आणि परदेशातली जखम फार महागात पडते.

तासन् तास उभे राहिले की रक्त पायांत साठते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना त्यामुळे एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. टाचा उचलून पुन्हा टेकवणे, पोटऱ्या आवळणे, एका जागी ताटकळत न राहणे याने फरक पडतो. घट्ट पायमोजे सर्वांसाठी नसतात. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते अपाय करतात, म्हणून विचारल्याशिवाय चढवू नयेत. आणि पाणी! लघवीला जावे लागेल, रांगेतली जागा जाईल, या धास्तीने आपले ज्येष्ठ पाणी पिणेच सोडतात. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या रस्त्यावर पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि आत वातानुकूलनाने हुडहुडी भरते. तहान लागत नाही, पण शरीर सुकत असते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती परस्पर बंद न करता, वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

मधुमेहाचे गणित सर्वांत नाजूक. भारत आणि लास व्हेगास यांच्या घड्याळांत त्या दिवसांत साडेबारा तासांचे अंतर असते. म्हणजे आपली रात्र त्यांचा दिवस. गोळ्यांचे आणि इन्सुलिनचे वेळापत्रक निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठू शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. तीन चमचे साखर किंवा तेवढाच ग्लुकोज लगेच पाण्यातून द्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. काकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "चिक्की घेतली आहे." मी चिक्की काढायला लावली. शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. इथे घाई हवी असते.

गर्दी म्हणजे संसर्ग. संमेलनाहून घरी परतल्यावर खोकला-तापाने अंथरूण धरणे इतके सर्रास आहे, की तिकडच्या चाहत्यांनी त्याला गमतीचे नावही ठेवले आहे. फ्लूची लस निदान दोन आठवडे आधी, न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तीही, गर्दीत मुखपट्टी आणि खाण्यापूर्वी हात धुणे, एवढे पुरे. करोनानंतर अनेक नट हस्तांदोलन टाळतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. या मालिकेतला प्रसिद्ध अभिवादनाचा हावभाव तर बिनस्पर्शाचाच आहे: तळवा समोर, अंगठा मोकळा, तर्जनी-मध्यमा एकत्र आणि अनामिका-करंगळी एकत्र. निमॉय यांनी तो लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात पाहिलेल्या आशीर्वादाच्या मुद्रेवरून घेतला. संधिवाताच्या बोटांना तो जमत नाही. आपला नमस्कार सोपा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी जास्तीच्या बॅटऱ्या न्याव्यात आणि गप्पांच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपकापासून दूर, पण वक्त्याचे ओठ दिसतील असे बसावे. अपस्माराचे रुग्ण असतील तर छायाचित्रांच्या दालनातल्या आणि रंगमंचावरच्या लखलखत्या दिव्यांविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. खिशात एक कार्ड असावे: नाव, आजार, औषधांची मूळ नावे, कसली अॅलर्जी, मुलाचा क्रमांक. विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. दावा तिथेच अडतो.

आणि व्हीलचेअर. विमानतळावर ती मागायला आपले आजोबा जराही लाजत नाहीत (रांग चुकते ना!), पण जिथे तिची खरी गरज असते, तिथे मात्र मान आडवी येते. अमेरिकेतल्या मोठ्या संमेलनांत ज्यांना उभे राहता येत नाही त्यांच्यासाठी बसण्याची किंवा वेगळ्या रांगेची सोय सहसा असते. ती आगाऊ कळवून मागायची असते. मी काकांना म्हटले, "डूहानसाहेब खुर्चीतून आले होते. तुम्हाला काय अडचण आहे?" ते गप्प झाले. औषध लागू पडल्याचे मला कळले.

सोबत्यांसाठी

काळजी घेणाऱ्यांनो, आपली अडचण मला समजते. काही झाले तर बोल आपल्यालाच लागतो. पण सगळाच बेत रद्द करण्याऐवजी तो लहान करता येतो. चार दिवसांपैकी एकच दिवस जा. सकाळी जा, दुपारी परत या. एका नटाची भेट ठरवा, पाचांची नको. बाहेर पडण्याचे दार आणि शांत कोपरा पोहोचताक्षणी पाहून ठेवा.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला न्यायचे असेल तर अधिक विचार करा. गोंगाट, रंगीबेरंगी वेश, मुखवटे यांनी ती भेदरू शकते. त्यापेक्षा घरी बसून जुना भाग लावणे, त्या काळाचे फोटो काढून बोलत बसणे अनेकदा जास्त समाधान देते. "ओळखलंत का हे कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. आपणच नाव सांगावे आणि पुढे बोलावे.

एक इशारा द्यायलाच हवा. ज्या एकतर्फी ओळखीबद्दल मी वर आपुलकीने लिहिले, तिचाच धंदा करणारे लोक आहेत. प्रसिद्ध नटाच्या नावाने समाजमाध्यमांवर खोटे खाते उघडायचे, एकट्या राहणाऱ्या वृद्धाशी गोड बोलायचे, मग 'खास भेटीसाठी' पैसे मागायचे. खरा नट चाहत्याला खाजगी संदेश पाठवून पैसे मागत नाही. प्रवेशपत्र संमेलनाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्वरित तक्रार करावी. आणि आपल्या आजींना किंवा आजोबांना रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

काका ऑक्टोबरमध्ये परतले आणि सामान उघडण्यापूर्वी दवाखान्यात आले असावेत, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

पहिल्याच दिवशी व्हायचे ते झाले होते. गप्पांचा कार्यक्रम लांबला, जेवण राहिले, काकांना दरदरून घाम फुटला. मुलाला वाटले, बाबा भारावले आहेत. "मीही तसंच समजलो असतो, पण हात थरथरायला लागले तशी तुमची साखरेची पुडी आठवली." पुडी कामी आली. त्या रात्री मुलाने मला संदेश पाठवला होता. तो मी पहाटे वाचला आणि गोळीची मात्रा कमी करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी व्हीलचेअर घेतली. रांगेत त्यांच्या पुढे एक साठीच्या बाई होत्या, मागे स्पॉकचे कान लावलेला एक तरुण. त्या तरुणाने त्यांना विचारले, तुम्ही मालिका पहिल्यांदा कुठे पाहिली? काकांनी त्याला दूरदर्शन सांगितले, पोहे सांगितले. मुलगा खुर्चीच्या मुठी धरून मागे उभा होता. पोह्यांची ही हकिगत त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग टेबल आले. काकांनी एक इंग्रजी वाक्य महिनाभर पाठ केले होते. ते वाक्य साफ विसरले. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. पलीकडच्या वृद्ध नटाने त्यांच्याकडे पाहिले आणि त्यानेही हात जोडले. मुलाने घाईघाईने नाव, गाव सांगितले. त्या गोंगाटात नटाने कानामागे हात नेला आणि पुन्हा सांगायची खूण केली.

"त्यालाही ऐकू येत नव्हतं हो, डॉक्टर!" काका सांगत होते आणि त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता, की मी स्टेथोस्कोप कानातून काढून ठेवला.

छायाचित्रात काकांचे डोळे मिटलेले आले आहेत. ते त्यांनी तसेच चौकटीत बसवले आहे. माझ्यासाठी त्यांनी तिथल्या दुकानातून डॉक्टर मॅकॉयचे एक लहानसे चित्र आणले होते. ते टेबलाच्या काचेखाली, औषध कंपनीच्या कॅलेंडरशेजारी आहे आणि लहान मुले इंजेक्शनाच्या आधी त्याच्याकडे बोट दाखवतात.

तीन महिन्यांची सरासरी साखर अर्थातच वाढली होती. ७.४ची ८.१ झाली होती. मी यथास्थित रागावलो. त्यांनी ऐकून घेतले, पिशवी उचलली आणि दारापाशी थांबून विचारले, "पुढच्या ऑगस्टचं काय म्हणता?"

मी म्हटले, आधी डाव्या गुडघ्याचा एक्स-रे काढू.